नवतपा, अंडी आणि आठ प्रकारची वीज

वीज कुठून घ्यावी या विषयावर आमच्या घरात चार माणसांची चार मतं आहेत. तीन तोंडी आहेत. चौथं माझं, ते वहीत लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे म्हणजे बरोबर असणार, असा माझा बरीच वर्षं समज होता.

वह्यांची सवय मला धान खरेदी केंद्रावर लागली. सौंदड आणि सडक अर्जुनीच्या मधल्या आमच्या गावात लग्न होऊन आले आणि काही वर्षांनी त्या केंद्रावर नोंदी ठेवायचं काम मिळालं. कोणाचं धान, पोती किती, ओलावा किती, वजनाच्या वेळी कोण हजर. तिथे एक गोष्ट पाहिली. रिकामा रकाना दिसला की माणसाला तो भरावासा वाटतो, आणि भरलेला रकाना दिसला की काम झालं असं वाटतं. यातल्या दुसऱ्या भागाने पुढे माझंच नुकसान केलं.

केंद्राचं काम सुटल्यावर मी अंडी उबवायची मशीन घेतली. पाचशे अंड्यांची, पांढऱ्या लोखंडी कपाटासारखी. आत हीटर, पंखा, अंडी ठेवायच्या जाळ्या, पाण्याचा ट्रे आणि दारावर लाल आकड्यांची पाटी, जी आतलं तापमान दाखवते. एकवीस दिवस आत साडेसदतीस अंश ठेवायचे, की पिल्लं बाहेर. गावातल्या बचत गटाच्या बायांना गावरान पिल्लं हवी होती. त्या आधी नागपूरकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसायच्या, आणि गाडी आली की निम्मी पिल्लं टोपलीतच माना टाकायची. मी म्हटलं, इथेच काढू. मशीनला लागते फक्त वीज, आणि वीज तर आमच्या घरातच राहते.

म्हणजे माझे सासरे. मामाजी. आयुष्यभर लाईनमन होते, निवृत्त होऊनही तेच आहेत. आमच्या भागात विजेला कोणी वीज म्हणत नाही, लाईन म्हणतात. पण 'लाईन गेली' हे मामाजींच्या मते अडाणी माणसाचं बोलणं. लाईन जात नाही. ती ट्रिप होते, फॉल्टवर असते किंवा कामासाठी बंद घेतलेली असते. अंधारात बसलेल्या माणसाला या तिन्हींत फरक कळत नाही, हा त्या माणसाचा दोष. लाईन बंद झाली की मामाजी जुन्या सोबत्याला फोन लावतात, ऐकून घेतात, आणि फोन ठेवून जाहीर करतात, "पाच मिनिटं." आमच्या घरात पाच मिनिटं हे वेळेचं माप नाही. ती एक प्रकारची सांत्वना आहे.

पहिला डाव मी एप्रिलात लावला. सोळा दिवस सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. मशीनसोबत आलेलं पुस्तक मी तीनदा वाचलं होतं आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या. सतराव्या दिवशी दुपारी बाराला लाईन गेली. पुस्तकात लिहिलं होतं: वीज गेल्यास मशीन जाड कांबळ्याने झाकावी व खोलीची दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. मी दोन रजया पांघरल्या, दारं-खिडक्या लावल्या आणि वेळ लिहून ठेवली. पाटीवरचे लाल आकडे लाईनसोबतच गेले होते, म्हणून तापमानाच्या रकान्यात लिहिलं, 'वीज नाही'. पाच तासांनी लाईन आली.

एकविसाव्या दिवशी काही झालं नाही. बाविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. पाचशे अंड्यांतून अकरा. बचत गटाची अध्यक्ष, जिला सगळं गाव मावशी म्हणतं, ती आठ टोपल्या आणि चार बाया घेऊन आली होती. तिने अकराही पिल्लं एका टोपलीत घातली, उरलेल्या सात टोपल्या एकमेकींत अडकवल्या आणि जाताना म्हणाली, "होते बाई. टोपल्या तं रिकाम्याच चांगल्या, डोक्यावर वजन नाही."

माझा संताप योग्य ठिकाणी वळवायला मला फार वेळ लागला नाही. मी वीज कार्यालयाला तीन परिच्छेदांचा अर्ज लिहिला. पाच तास वीज बंद राहिल्याने झालेली हानी, तारीख, वेळ, अंड्यांची संख्या, खाली गटातल्या सगळ्या बायांच्या सह्या. अर्ज नेऊन कोणी द्यायचा हा प्रश्न होता. मामाजी म्हणाले, मी देतो. ते कार्यालय त्यांचंच जुनं. त्यांनी शर्टाला इस्त्री करून घेतली, सायकल काढली आणि गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "देऊन आलो." त्या दिवशी ते नेहमीसारखे सोबत्यांसोबत चहा न घेताच परतले होते, एवढं माझ्या लक्षात आलं. पण त्याला वहीत रकाना नव्हता.

दोन दिवसांनी जेवताना ते बोलले. "अजून एक डाव कर. थो फसला तं मशीन इकून टाक. देवरीवाला घ्यायले तयार हाय."

देवरीवाला म्हणजे माझ्या दिराच्या ओळखीचा एक कोंबडीपालनवाला. त्याला जुनी मशीन हवीच होती, आणि माझी मशीन एका डावात पुरेशी जुनी झाली होती.

"दुसरा डाव फसणार नाही," मी म्हणाले.

"काऊन? लाईन आता तुले इचारून जाईन का?"

मग मी वही काढली. लाईनवर अवलंबून न राहता एकवीस दिवस वीज कशी मिळवायची, याची रीतसर तुलना करायची ठरवली. चार रकाने आखले: भरवसा, खर्च, कोण सांभाळणार, आणि वाईटात वाईट काय होईल. जगात जेवढ्या प्रकारे वीज होते तेवढे सगळे प्रकार घेतले, कारण अर्धवट यादी मला सहन होत नाही.

सुरुवात कोळशापासून. आमच्या बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या शेतांवरून, मोठ्या टॉवरच्या तारा जातात. कोळशाची वीज त्यांतून दूरच्या शहरांकडे जाते, ही माहिती नवऱ्याने दिली. ती आमच्याकडे थेट उतरत नाही, उतरायला तिला आधी सबस्टेशन, मग फीडर, मग डीपी लागते, ही माहिती मामाजींनी दिली. पावसाळी हवेत त्या तारांखाली उभं राहिलं तर गुणगुण ऐकू येते. तेवढी मात्र आम्हाला थेट मिळते.

पाण्याची वीज. आमच्या जिल्ह्यात तळी इतकी की पाहुण्याला घराचा पत्ता तळ्यावरून सांगतात. पण वीज करायला पाणी उंचावरून पडावं लागतं, आणि आमचं पाणी या बांधीतून त्या बांधीत जातानाही दोन भावांत बोलणं बंद करून जातं. वाऱ्याचं म्हणाल तर वारा वर्षातून दोन-तीनदा येतो आणि परत जाताना पत्रे नेतो. अणुऊर्जेचीही एक ओळ ठेवली. शेरा: घरात जागा नाही.

मग शेणाच्या गॅसची. आमच्या अंगणात गोबरगॅसचा घुमट आहे. बांधला तेव्हा गोठ्यात नऊ जनावरं होती, आता ट्रॅक्टर आहे आणि दोन गाई. दोन गाईंच्या शेणावर फार तर सकाळचा चहा होतो, तोही पाहुणे नसले तर. घुमटाचा सध्याचा उपयोग त्यावर लाखोळी डाळीच्या वड्या वाळवायला होतो, आणि त्या कामात तो अत्यंत भरवशाचा आहे.

धानाच्या भुशावर वीज करणारी एक राईस मिल सडक अर्जुनीच्या वाटेवर आहे, तिथे मी विचारून, वेळ ठरवून गेले. भुसा म्हणजे तांदूळ काढल्यावर उरणारं टरफल, ज्याचे आमच्याकडे डोंगर असतात. मिलवाल्याने बॉयलर दाखवला, पाईप दाखवले, राख कुठे जाते ते दाखवलं. चांगली सोय होती. मग त्याने विचारलं, तुम्हाला किती लागते. मी मशीनचा आकडा सांगितला. विहिरीवर चमचा घेऊन आलेल्या बाईकडे पाहावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

राहिल्या दोन, ज्यांचे वकील घरातच होते.

सूर्याचा वकील माझा नवरा. छतावर दोन पाट्या, खाली इन्व्हर्टर आणि बॅटरी, हे सगळं त्याने आदल्या वर्षी बसवून घेतलं होतं. रोज सकाळी तो शिडी लावून वर जातो आणि ओल्या फडक्याने पाट्या पुसतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर त्याने फडकं फिरवल्याचं मला आठवत नाही.

"सूर्य कधी संपावर जात नाही," तो म्हणाला.

"रोज संध्याकाळी जाते," मामाजी म्हणाले.

"त्याच्यासाठी बॅटरी हाय ना बाबा."

"बॅटरी म्हणजे लाईनच झाली. फक्त तुही सोताची. गेली का फोन कोणाले लावशील?"

डिझेलचा वकील माझा दीर. त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे आणि त्यात एक जनरेटर आहे. गोंदियाच्या बाजारात दिवस काढल्यामुळे तो अर्धं हिंदी बोलतो. "वहिनी, टेन्शनच नका घेऊ. जनरेटर मतलब जनरेटर. दोरी खेचा, बस. ना ढगाची भानगड, ना लाईनची."

"असतो कुठे तो?" मी विचारलं.

"सध्या मे महिना आहे ना, लगनसराई. सध्या तो बाहेरच असतो." थोडा विचार करून तो म्हणाला, "लेकिन जूननंतर एकदम फ्री."

वहीत मी लिहिलं: डिझेल, भरवसा उत्तम, लग्नं नसतील तेव्हा.

शेवटी मी तिन्ही मतांना मान देणारी व्यवस्था केली. पहिली लाईन. लाईन गेली की बॅटरी. बॅटरी संपत आली की दिराला फोन, आणि तो जिथे असेल तिथून जनरेटर आणणार. प्रत्येकाच्या नावापुढे काम लिहून तो कागद मशीनच्या दाराला चिकटवला. इतकी पक्की योजना मी खरेदी केंद्रावरही केली नव्हती. पुस्तकातली रजईची सूचना अर्थातच कायम ठेवली.

दुसरा डाव मेच्या पहिल्या पंधरवड्यात लावला. अठरावा दिवस नवतपात येतो हे मला माहीत होतं. मे अखेरचे ते नऊ दिवस, ज्यांत दुपारी आमच्याकडे कुत्रं गाडीखालून उठत नाही आणि माणूस आंघोळीला नळ सोडतो तर चहाचं पाणी येतं. त्या दिवसांत सगळे कूलर एकदम चालतात, लाईनवर ताण येतो, म्हणून बॅटरी रोज भरलेली हवी, असं मी नवतपासमोर लिहिलं. नवतपाबद्दल मला एवढंच सुचलं.

अठराव्या दिवशी दुपारी बाराला लाईन गेली. मामाजींनी फोन केला. "पाच मिनिटं," ते म्हणाले.

बॅटरीने भार घेतला. मशीन चालूच राहिली, लाल आकडेही. योजना कामाला लागली म्हणून मला बरं वाटलं. मग मी इन्व्हर्टर पाहिला तर बॅटरी निम्म्यावर. सकाळपासून लाईनचा दाब कमी होता म्हणून नवऱ्याने मामाजींचा कूलर इन्व्हर्टरवर टाकला होता, आणि छतावरच्या दोन पाट्यांची वीज त्याला पुरत नव्हती. मामाजींची खाट मशीनच्या शेजारच्या खोलीत, मधे दार. जाड मातीच्या भिंतींची जुनी खोली. मशीन मात्र मी मुद्दाम पत्र्याच्या नव्या खोलीत ठेवली होती, कारण तिथे प्लग लावायच्या दोन पिना जास्त होत्या.

"कूलर बंद कर," मी म्हणाले. "मशीनला वीज पुरली पाहिजे."

"बाबा झोपले आहेत," नवरा म्हणाला.

"अंड्यांचे तीन दिवस राहिले."

मामाजींनी डोळे न उघडता हात वर करून बंद कर असं सांगितलं. त्यांनी दुपट्टा ओला करून तोंडावर टाकला. मी मधलं दार लावलं, खिडक्या लावल्या, मशीनवर दोन रजया पांघरल्या आणि वेळ लिहिली. पाटीवर एकोणचाळीस पूर्णांक एक. सदतीसच्या खाली गेली नाही, म्हणजे चांगलंच आहे, असं मला वाटलं. माझी सगळी भीती आकडा खाली जाण्याची होती. वर जाणाऱ्या आकड्याला मी प्रगती समजत होते.

नवरा दिराला फोन लावत होता. दीर कोहमाऱ्याजवळच्या एका लग्नात होता आणि नवरदेव अजून यायचा होता.

तेवढ्यात मावशी आली. पिल्लं कोणत्या दिवशी न्यायची ते विचारायला, भर दुपारी, डोक्यावर ओला पदर. ती आधी मामाजींच्या खाटेपाशी थांबली, मग दार ढकलून पत्र्याच्या खोलीत आली आणि आल्या पावली उंबऱ्यावर मागे सरली.

"अवो बाई. हे काय करून राहिली तू?"

"लाईन गेली मावशी. मशीन थंड पडू नये म्हणून."

"थंड?" तिने पत्र्याकडे पाहिलं, रजयांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तिकडं म्हाताऱ्याचा कूलर बंद करून इकडं हीटर चालवून राहिली? नवतपात? अंडे उबवून राहिली का उकडून राहिली?"

"पुस्तकात तसंच आहे," मी म्हणाले.

"कोण्या गावचं पुस्तक हाय थे?"

हे मी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या पानावर पत्ता होता. थंड डोंगरातलं एक गाव, जिथे मे महिन्यात लोक हवा खायला जातात.

"माही कोंबडी पाहा," मावशी म्हणाली. "खुडूक बसली हाय. दुपारच्या टायमाले अंड्यावरून उठते आन् माठाखालच्या ओल्या मातीत जाऊन बसते. दोन-दोन घंटे. अंडे तसेच उघडे. ऊन कमी झालं का मंग येते. तिले तं कोणी पुस्तक देल्लं नाही."

मी हीटरचा दिवा पाहिला. तो बंद होता. म्हणजे हीटर चालूच नव्हता, बॅटरीतून वीज घेत होता फक्त पंखा. आणि हीटर बंद असूनही पाटीवर एकोणचाळीस पूर्णांक पाच. मशीनसोबत काचेचा एक थर्मामीटर फुकट आला होता, तो मी वस्तूंच्या यादीत नोंदवून कपाटात ठेवला होता. काढून खोलीच्या भिंतीला लावला. पारा बेचाळीसच्या वर गेला.

मग मी उभ्याउभ्या वहीत पहिल्या डावाचं पान उघडलं. सतरावा दिवस. दुपारी बारा ते पाच: 'वीज नाही'. पाच वाजता, लाईन आल्यावर पाटीवरचा पहिला आकडा: चाळीस पूर्णांक सहा. त्यापुढे माझ्याच अक्षरात शेरा: 'वीज येताच मशीनने वेगाने तापमान गाठले. समाधानकारक.'

लाईन येऊन एक मिनिट झालं नव्हतं. एका मिनिटात कुठली मशीन एवढी तापत नाही. ती पाच तास रजईखाली तापत होती. पाचशे अंडी लाईनने मारली नव्हती. ती मी मारली होती, आणि मारल्याची नोंद करून खाली समाधानकारक लिहिलं होतं.

हे वाचायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मावशीने रजया काढून अंगणात फेकल्या होत्या. पुढचं काम भरभर झालं, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. सावलीकडच्या खिडक्या उघडल्या. नवऱ्याने कूलर ओढून दारात आणला आणि मशीनकडे तोंड करून लावला. मामाजी उठून बसले होते. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही, फक्त म्हणाले, "बारदाना ओला करून दाराले बांधा. जुन्या सबस्टेशनात आम्ही तसंच करत असो." गोण्या भिजवून खिडक्यांना आणि मशीनच्या बाजूंना लावल्या. पाऊण तासात कूलरने बॅटरी संपवली. लाल आकडे गेले. मग मशीनचं दार चार बोटं उघडं ठेवून काचेचा थर्मामीटर आत ठेवला आणि मावशी व मी आळीपाळीने सुपाने वारा घातला. मामाजी मगाने गोण्यांवर पाणी मारत होते. सदतीसच्या खाली आलं की दार लावायचं, साडेअडतीसच्या वर गेलं की उघडायचं. बेचाळीस अंशांच्या खोलीत अंडी गरम ठेवायला वीज लागत नाही, एवढं कळायला मला एक डाव, एक अर्ज आणि वहीची सोळा पानं लागली होती.

"हे कोणत्या रकान्यात लिहिशील?" नवऱ्याने विचारलं. तो गोण्या पिळत होता.

"तू पाणी आण," मी म्हणाले.

तीनच्या सुमारास दीर आला. पिकअपमध्ये जनरेटर, अंगावर लग्नातला शर्ट, कपाळावर अक्षतांचे चार दाणे. नवरदेव आल्यावर ऐन वेळी जनरेटर उचलून आणल्यामुळे तिथे काय बोलणी बसली ते त्याने सांगितलं नाही.

"वहिनी, आणला," तो म्हणाला. "कुठे जोडू?"

"जोडू नका. परत न्या."

"म्हणजे?"

"अंडे थंड करून राहिलो," मामाजी म्हणाले.

दीर पिकअपला टेकला. मग म्हणाला, "मी तर देवरीवाल्याला फोन करून ठेवला. म्हटलं, लाईन गेली आहे, या डावाचंही काही खरं नाही, तो येऊन मशीन बघून जाईल." त्याचा हेतू वाईट नव्हता. तो आमच्या घरातला एकमेव माणूस आहे जो अपयशाचीही आगाऊ बुकिंग घेतो.

पावणेचारला लाईन आली. मामाजींनी घड्याळ पाहिलं आणि फोन उशीखाली सरकवला. त्यांच्या मानाने ती कबुलीच होती.

एकविसाव्या दिवशी सकाळी मशीनच्या आतून चिवचिव ऐकू आली. आधी एक, मग दोन, मग मोजता येईना. बाविसाव्या दिवशी दुपारपर्यंत मोजली: तीनशे बारा. शंभराहून जास्त अंडी तरीही गेली, काही त्या दुपारच्या पहिल्या तासात गेली असणार. पण मावशीच्या आठही टोपल्या भरल्या.

त्याच दुपारी बाया पिल्लं मोजून घेत असताना मी मामाजींच्या खोलीत गेले. वही सोबत होती. ती दाखवायची गरज नव्हती, पण रिकाम्या हाताने मला बोलता येत नाही.

"मामाजी, पहिला डाव लाईनने नाही गेला. माझ्याने गेला. रजयांनी."

ते खाटेवर सुपारी कातरत होते. "मले समजलं थे. त्या दिवशी, मावशी बोलली तवाच."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? जलमभर हेच पाहत आलो. लोकं फोन करत, लाईन नाही, लाईन नाही. पाऊसपाण्यात खांबावर चढावं, आन् पाहावं तं त्याच्या घरातलाच फ्यूज गेला राहे." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "कोणाले सांगितलं का राग यायचा. मंग मी सांगणंच बंद केलो. फ्यूज बांधून द्यायचा आन् खाली उतरायचं."

"अर्ज परत घेऊ का? मी जाऊन सांगते, चूक माझी होती."

त्यांनी अडकित्ता मिटला. "अंड्यायचं खोडून टाक. लाईन पाच तास बंद होती, थे राहू दे. थे तं खरंच हाय." मग म्हणाले, "या डावाले मी येत नाही. तुहा तूच नेऊन दे."

मी गेले. टेबलावरच्या माणसाने अर्ज शोधून काढला, मी अंड्यांचा परिच्छेद खोडून सही केली. त्याने विचारलं, मामाजी का नाही आले. मी म्हटलं, ते चहाला येतील.

देवरीवाला दुसऱ्या दिवशी आला, कारण बोलावलेला माणूस येतोच. मशीन तोपर्यंत मामाजींच्या खोलीत हलवली होती. मातीच्या भिंती, उंच कौलं, मधोमध कूलर. जागा मामाजींनीच दिली. कूलर आता अंड्यांसाठी चालतो, आपल्याला फक्त त्याची हवा लागते, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. देवरीवाल्याने मशीनचं दार उघडलं, बंद केलं, हीटर पाहिला, पंख्याला बोट लावलं.

"किती म्हणता?" त्याने विचारलं.

"इकायची नाही," मामाजी म्हणाले. "चहा घेऊन जा."

चहा झाला. माणूस भला होता, वेळ वाया गेला म्हणून रागावला नाही. त्याने स्वतःही एक मशीन घ्यायचं ठरवलं होतं, नवी का होईना. त्याची खोली नव्या सिमेंटच्या छताची, दुपारी पश्चिमेचं ऊन. त्याने मला विचारलं, तुम्ही सगळ्या प्रकारची वीज तपासली म्हणतात, तर यातली स्वस्त आणि भरवशाची कोणती.

मी त्याला खरं ते सांगितलं. प्रत्येक वीज आपापल्या वेळेला भरवशाची असते. लाईन लाईनमनला विचारून जात नाही, बॅटरी कूलरला पुरत नाही, जनरेटर लग्नात असतो. आधी खोलीत भिंतीला साधा थर्मामीटर लावा, आठ दिवस दुपारचा आकडा लिहा, आणि मग ठरवा तुम्हाला वीज किती लागते आणि कशासाठी लागते. छताला चुना मारा. गोण्या ठेवा. पुस्तकाचं मागचं पान वाचा.

तो मन लावून ऐकत होता. दोनदा त्याने मानही हलवली. मग उठला, चपला घातल्या आणि अंगणातून वळून मला विचारलं, "ते सगळं ठीक आहे ताई. पण इन्व्हर्टर किती मोठा घेऊ?"